हजेरीतला तेविसावा

परवा एका जुन्या मित्राने लिंक पाठवली. मँचेस्टरच्या ज्या युनिव्हर्सिटीत मी एक वर्षाचं मास्टर्स केलं, तिथल्या अमेरिकन फुटबॉल क्लबने आपला इतिहास वेबसाइटवर टाकला आहे. कुठल्या वर्षी कोण कॅप्टन होता, कुणी कुणाला हरवलं, चषक, फोटो, सगळं ऐसपैस आहे. पहिल्या वर्षाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय: पहिला मोसम प्रशासकीय कारणांमुळे अर्धवट राहिला. मी ते दोनतीनदा वाचलं आणि बायकोलाही वाचून दाखवलं. तिने विचारलं, प्रशासकीय कारणं म्हणजे काय? मी म्हटलं, मी.

दोन हजार चार सालची गोष्ट. सप्टेंबरच्या शेवटी एका मोठ्या हॉलमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या क्लबांचा बाजार भरला होता. मला डोंगर चढणाऱ्यांच्या क्लबात जायचं होतं. त्यांची रांग लांबलचक होती आणि ती ज्या टेबलासमोरून वळत होती, त्या टेबलावर एक हेल्मेट ठेवलं होतं. टेबलामागे एक काडीपैलवान इंग्लिश पोरगा एकटाच बसला होता. रांग हलेना, त्यामुळे मी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभा. शाळेत असताना तो एक वर्ष अमेरिकेत राहून आला होता आणि तिथून हे वेड घेऊन आला होता. त्याला इथे, या युनिव्हर्सिटीत, अमेरिकन फुटबॉलचा क्लब काढायचा होता. त्याने मला खेळाचे नियम समजावून सांगितले. गाढवापुढे वाचली गीता.

शेवटी त्याने विचारलं, तू आधी काही ऑर्गनाइझ केलंयस का? मी पुण्याचा. असल्या प्रश्नाला नाही म्हणायची आम्हाला सवय नसते. कॉलेजात गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो, असं मी सांगितलं. त्याने लगेच एक फॉर्म पुढे सरकवला. स्टुडंट्स युनियनच्या नियमाप्रमाणे नव्या क्लबला सेक्रेटरी असावाच लागतो आणि त्याला अजून कुणी मिळाला नव्हता. मी सही केली. डोंगरवाल्यांची रांग तोवर पुढे निघून गेली होती. ज्या खेळाचा चेंडू कसा असतो हेही मला माहीत नव्हतं, त्याच्या इतिहासातला मी पहिला सेक्रेटरी झालो.

माझ्याबरोबर रांगेत माझा हाउसमेट होता, नागपूरचा. विटांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या गल्लीत आम्ही पाच जण राहायचो, आणि त्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. हा माणूस सहा फूट दोन इंच उंच आणि दरवाजाएवढा रुंद. मनाने मात्र लोण्यासारखा मऊ. त्याला बघून त्या काडीपैलवानाचा, म्हणजे आमच्या होणाऱ्या कॅप्टनचा, चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहायला संकोच वाटू लागला. नागपूरकर म्हणाला, "सही करून टाकू ना बे. तसंही बुधवारी दुपारी आपण काय करून राहिलो?"

तर असे आम्ही क्लबात शिरलो. ट्रेनिंग दर बुधवारी दुपारी, तेव्हा युनिव्हर्सिटीत तास नसायचे. खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं पाठ झालं. पण पाच सेकंद खेळायचं आणि अर्धा मिनिट गोल करून कुजबुजायचं, याला खेळ का म्हणतात ते कळेना. फुटबॉल म्हणतात आणि पाय लावतात क्वचितच. नागपूरकर पुढच्या फळीत असायचा. त्याने बॉलला हातसुद्धा लावायचा नाही, नुसतं समोरच्याला अडवून धरायचं. इतके आठवडे घाम गाळून बॉलला हात न लावणं यात त्याला काय आनंद होता कुणास ठाऊक. पण तो खूश होता. घरी येऊन फ्रीजला खांदा लावून मला पोझिशन दाखवायचा.

आमचे कोच पोस्टमन होते. वय चोपन्न. केंब्रिजच्या बाजूला एका अमेरिकन हवाईतळाजवळ त्यांचं बालपण गेलं होतं. वडील तिथे इलेक्ट्रिशियन, त्यामुळे अमेरिकन हवाईदलातल्या लोकांच्या मुलांबरोबर ते हा खेळ खेळत मोठे झाले. पहाटे उठून टपाल वाटायचं, दुपारी एक डुलकी काढायची आणि मग आमच्याकडे यायचं. एक पैसा घेत नव्हते. त्यांच्याजवळ कोचिंगचं सर्टिफिकेट होतं. ते नसतं तर युनियनने आम्हाला मॅच खेळूच दिली नसती. थोडक्यात, क्लब म्हणजे ते एक सर्टिफिकेट, उसनी आणलेली हेल्मेटं आणि पार्कातलं एक रग्बीचं मैदान, ज्यावरच्या सगळ्या रेषा चुकीच्या ठिकाणी होत्या.

कोच फार बोलायचे नाहीत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे: मान वर ठेव, ज्याला धडकणार त्याच्याकडे बघ. मान खाली घालून धडकलास तर सगळा भार मानेवर येतो, असं ते स्वतःच्या मानेवर हात ठेवून दाखवायचे. त्यांचा एक नियम होता. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ते दिवसभर फक्त धडकायचं कसं आणि पडायचं कसं हे शिकवणार. त्या शनिवारी जो हजर नसेल, तो त्या मोसमात मॅच खेळणार नाही, मग तो कुणी का असेना. हजेरीचा कागद युनियनकडे जमा होणार, आणि त्यावर सही कोचची आणि सेक्रेटरीची.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी नागपूरकराला फोन आला. लंडनजवळ स्लाऊला त्याच्या आईचे मामेभाऊ राहतात. तीस वर्षांपूर्वी आलेले, तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, स्वतःचं घर. त्यांच्या ओळखीच्या एका घरी लग्नाची मुलगी होती. मुलगी फार्मसिस्ट, इथेच वाढलेली, आणि त्यांना शनिवारीच वेळ होता. नागपूरहून आईचा फोन, स्लाऊहून मामांचा फोन, मधे हा.

"मामाला नाही कसं म्हणू बे? आई म्हणे, एवढं करून राहिले ते, तुला एक दिवस निघत नाही का? आणि इकडे कोचचं ते फायनल आहे. नाही गेलो तर सीझन गॉन."

यावर मी काय बोललो ते मला स्वच्छ आठवतं. मी म्हणालो, "तू जा, पोहे खाऊन ये. इकडचं मी बघतो. तुझी प्रॉक्सी मारतो."

त्याने मागितलं नव्हतं. मीच देऊ केलं. हे नोंदवून ठेवतो, कारण नंतर मी काही दिवस स्वतःला उलटं पटवत होतो.

आता प्रॉक्सीबद्दल. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॉक्सी मारणं हा मैत्रीचा अगदी किमान भाग होता. सरांनी नंबर पुकारला की मागच्या बाकावरून कुणीतरी वेगळ्या आवाजात 'येस सर' म्हणायचं. मी स्वतः एका लेक्चरला चार वेगवेगळ्या आवाजांत हजर राहिलेलो आहे. सरांना कळायचं, सरांना कळतं हे आम्हाला कळायचं, आणि गाडी पुढे जायची. हे खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. उलट जो प्रॉक्सी मारत नाही तो माणूस बरा नाही, असं आमचं मत होतं. हजेरी म्हणजे एक कटकट, ती मित्राची कमी करायची. ती कुणीतरी कधी उघडून खरी म्हणून वाचेल, हा विचार आमच्या डोक्याला शिवलाही नव्हता.

शनिवारी धो धो पाऊस. पेन चालणार नाही म्हणून मी पेन्सिल आणली होती. मी फाटकाजवळ पाट्या लावलेल्या जाळीला टेकून उभा, हातात क्लिपबोर्ड, त्यावर प्लास्टिकची पिशवी. पोरं हेल्मेट घालून, चिखलात लोळून, थोड्याच वेळात सगळी एका रंगाची झाली. कोचनी दोन गट केले होते. अर्धे त्यांच्याकडे धडकायला, अर्धे कॅप्टनकडे पळायला, आणि जेवणानंतर अदलाबदल. मी दर तासाला यादीवर नजर टाकत होतो. नागपूरकराच्या नावापुढे टिक करताना माझा हात जराही अडखळला नाही. एकूण तेवीस टिका झाल्या. मैदानावर बावीस होते. संध्याकाळी कोचनी पावसात उभं राहून खाली सही केली. मी केली.

रविवारी नागपूरकर परतला. मुलीला तो आवडला की नाही ते कळलं नव्हतं, पण मुलीच्या आजीला फार आवडला होता. "येत्या बुधवारी मी कोचकडून शिकून घेतो ना सगळं, टेन्शन नको घेऊ," तो मला म्हणाला. त्या बुधवारी मैदानात पाणी साचलं म्हणून कौन्सिलने फाटकाला कुलूप लावलं. पुढच्या बुधवारीही तेच. तिसऱ्या बुधवारी घड्याळं मागे गेलेली, चारलाच अंधारून आलं, आणि कोचनी फक्त चाली पक्क्या करून घेतल्या. त्यानंतरच्या रविवारी क्लबची पहिली मॅच होती.

मॅच दुसऱ्या गावात होती. मिनीबसमधून जाताना पोरं गात होती. कॅप्टन मात्र गप्प बसून एकसारखा बाहेर बघत होता. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट आज होणार म्हणून त्याला बोलवत नव्हतं, असं मला वाटलं. आमची माणसं कमी, त्यामुळे काही जणांना दोन्ही बाजूंनी खेळावं लागणार होतं, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाही आणि त्यांच्याकडे असतानाही. नागपूरकर त्यातला एक. दुसऱ्या भागात त्यांचा एक पोरगा बॉल घेऊन सरळ त्याच्या अंगावर धावून आला. नागपूरकराने मान खाली घातली. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण ते मला दिसलं. त्याने आपल्या बुटांकडे बघितलं आणि तो धडकला.

आवाज झाला. तो पालथा पडला, मग कुशीवर झाला आणि हलायचा थांबला.

कोच पळत गेले. चोपन्न वर्षांचा माणूस इतक्या जोरात पळताना मी बघितला नव्हता. त्यांनी चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्याचं हेल्मेट धरून ठेवलं. हेल्मेट काढायला कुणाला हात लावू दिला नाही. अँब्युलन्स यायला खूप वेळ लागला. तेवढा सगळा वेळ ते तसेच बसून होते आणि त्याच्याशी बोलत होते. मान हलवू नकोस, हो म्हणायचं तर तोंडाने म्हण, बोटं हलव बघू, शाब्बास, आता पायाची. तो आतून 'येस कोच, येस कोच' म्हणत होता. मी कडेला क्लिपबोर्ड धरून उभा होतो. मी मनात आमच्या घरच्या देवाला काय काय बोलत होतो ते मलाच समजत नव्हतं.

मान वाचली. कॉलरबोन मोडलं होतं. हॉस्पिटलमधून त्याला हात गळ्यात बांधून घरी आणलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही. मी भात कालवून द्यायचो आणि त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायचो. सुटलो, असं मला वाटलं. म्हणजे तो सुटला असं मी म्हणत होतो, पण मनात होतो मी.

युनियनने अपघाताचा रिपोर्ट मागितला. रिपोर्ट सेक्रेटरीने लिहायचा. 'खेळाडूला प्रशिक्षण दिले होते का?' असा एक रकाना होता. मी त्या रकान्यापाशी दोन दिवस थांबलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात कोच, पोस्टाचं लाल जॅकेट अंगावर. आधी नागपूरकराची चौकशी केली. तो औषधं घेऊन वर झोपला होता. मग त्यांनी मला विचारलं, शनिवारच्या हजेरीचा कागद बघू? माझ्याकडे प्रत होती. मी दिली. आमच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाशी बसून त्यांनी चष्मा लावला आणि त्या नावावर बोट ठेवलं.

"हा होता तर," ते म्हणाले. "मी तीन दिवस आठवतोय. मला हा आठवतच नाही. सगळ्यात मोठा पोरगा क्लबातला, आणि मी त्याला काय शिकवलं, तो कसा पडला, काहीच आठवत नाही. मी त्याला माझ्या हाताने शिकवलं असणार. आणि माझ्या डोक्यात तिथे काहीच नाही."

मी चहा करायला उठलो. पाठ त्यांच्याकडे करून उभा राहिलो.

"माझे वडील," ते म्हणाले, "छप्पन्नाव्या वर्षी हवाईतळावरून घरी येताना रस्ता चुकले. रोजचा रस्ता. त्याची सुरुवात अशीच झाली होती. माणसं विसरण्यापासून."

मी चहा टेबलावर ठेवला. बोल, मी स्वतःला म्हणत होतो. हीच वेळ आहे. पण जे तोंडातून बाहेर पडलं ते असं: "तुम्ही थकला असाल, कोच." हे मी त्यांना म्हणालो. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की माझे कान गरम होतात.

ते गेल्यावर मी वर जाऊन नागपूरकराला उठवलं. तो घाबरला. "सांगू नको बे. युनिव्हर्सिटी ॲक्शन घेईल. व्हिसाचं झंझट होईल. आणि मामाला काय सांगू? मी त्यांना सांगितलं की बाथरूममध्ये स्लिप झालो." मग जरा वेळाने, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पण तो म्हातारा चांगला माणूस आहे यार. माझं डोकं धरून बसला होता." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला हाताने पुसता येईना, म्हणून मी पुसलं.

कॅप्टनला मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीबाहेर गाठलं. इंग्लिश माणूस, म्हणेल ताबडतोब सांग, असं मला वाटलं होतं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तो म्हणाला, युनियनला कळलं तर क्लब बंद. मग म्हणाला, ख्रिसमसपर्यंत थांब. मग म्हणाला, कोच दोन दिवसांत विसरून जातील. हे बोलल्यावर तो स्वतःच दचकला. मी पुरता गोंधळलो. जो खोटं बोलायचं नाही म्हणून वाढला होता, तो गप्प बस म्हणत होता. आणि मी, आजवर प्रॉक्सीवर पोसलेला, मला रात्रंदिवस सांगावंसं वाटत होतं. खाई त्याला खवखवे, एवढंच मला समजत होतं. बरोबर कोण, ते मात्र समजत नव्हतं.

बुधवारी कोच ट्रेनिंगला आले नाहीत. कॅप्टनला त्यांनी फोन करून सांगितलं, दुसरा कोच शोधा. कुणाला शिकवलं हे ज्याला आठवत नाही, त्याने हा खेळ शिकवू नये. आणि अजून एक सांगितलं. गेल्या आठवड्यात त्यांनी दोनदा चुकीच्या दारात पत्रं टाकली होती. सतरा वर्षं तीच वाट, आणि आता ते प्रत्येक दारापाशी थांबून नंबर दोनदा वाचत होते. मंगळवारी डॉक्टरची वेळ घेतली होती, मेंदूच्या तपासणीसाठी. कॅप्टनने मला हे सगळं सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

एका टिकेने एवढं होतं, यावर माझा विश्वास बसेना. आमच्या कॉलेजात एवढ्या टिकांवर कुणाचा केसही वाकडा झाला नव्हता.

सोमवारी दुपारी मी ट्रॅम घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. पत्ता क्लबच्या फॉर्मवर होता, मीच लिहिलेला. दार त्यांनीच उघडलं. बैठकीच्या खोलीत एका खुर्चीवर पोस्टाचं जॅकेट, आणि टेबलावर एक वही उघडी. वहीत त्यांनी त्यांच्या वाटेवरची घरं एकाखाली एक लिहून काढली होती, कुठल्या दाराला काय रंग, कुठे कुत्रा. स्वतःची परीक्षा घेत होते. ती वही बघितली आणि मी वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं विसरलो.

उभ्या उभ्याच म्हणालो, "कोच, तो त्या शनिवारी नव्हता. तो स्लाऊला गेला होता. मी खोटी टिक केली."

त्यांनी मला बस म्हटलं नाही. "सकाळीही नव्हता?"

"नाही."

"जेवणानंतर?"

"नाही. दिवसभर नव्हता. तुम्ही त्याला शिकवलंच नाही."

ते आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरूच राहिला. मी वहीकडे न बघता खिडकीकडे बघत राहिलो. ते बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि टॉवेल हातातच होता. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. खरं तर मला तेच हवं होतं. आमच्याकडे मोठी माणसं ओरडतात आणि मग प्रकरण संपतं.

ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि बोलू लागले. आधी मला वाटलं, स्वतःशीच काहीतरी बोलताहेत.

"लाल केसांचा पोरगा. धडकायच्या आधी डोळे मिटतो. तिसऱ्या वेळी मिटले नाहीत. मग ते दोघं भाऊ, धाकटा चांगला, मोठा धाकट्याकडे बघतो. मेडिकलचा विद्यार्थी, गुडघे वाकवत नाही. चष्म्याचा. वेल्सचा, त्याला रग्बी विसरायला लावावी लागली. ज्याच्या बुटाचा तळ निघाला तो."

एकेक करून ते सगळ्यांवरून जात होते. कुणी काय चूक केली, कुणाला किती वेळा सांगावं लागलं, कोण चिखलात पडल्यावर हसला. सकाळचा गट संपला, मग दुपारचा. मी बोटांवर मोजत होतो. ते कुठेही अडले नाहीत. बावीस झाले आणि ते थांबले. त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण इतका उतरला होता की क्षणभर मला वाटलं, आता सगळं ठीक आहे, मी करून टाकलं, सांगून टाकलं.

"युनियनला तूच लिहून देशील," ते म्हणाले. "आजच. मोसम जाईल तर जाऊ दे. बुधवारी दोन वाजता मी मैदानावर असेन. हजेरी यापुढे कॅप्टन घेईल."

मी हो म्हणालो. उशीर झाला, आधी सांगायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. वर हेही म्हणालो की ती नुसती एक टिक होती, मी तोंडाने कुणाशी खोटं बोललो नव्हतो, म्हणून तेव्हा लक्षातच आलं नाही. हे मी मनापासून म्हणत होतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. अजून ते त्या शनिवारातच होते, पावसात, मैदानावर नजर फिरवत.

"तू फाटकापाशी होतास," ते म्हणाले. "क्लिपबोर्डवर पिशवी. पेन्सिल कानामागे. सही करायच्या आधी मी तुला विचारलं, मोठा पोरगा दिसला नाही मला, आहे ना तो? तू म्हणालास, हो कोच, आत्ताच तुमच्या गटात होता."

मला हे आठवत नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आठवलं नाही आणि आजही आठवत नाही. त्यांचा प्रश्न नाही, माझं उत्तर नाही. पण त्यांची स्मरणशक्ती कशी आहे, हे मी नुकतंच बोटांवर मोजून बघितलं होतं.